पिवळी फुली

१

उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलात तर तुम्ही तो वाजवून बघता ना? बोटाचं पेर वाकवून आधी कडेला, मग पोटावर, मग बुडाशी. खणखण वाजला तर घेता, भद्द वाजला तर खाली ठेवून पुढचा उचलता. खाली ठेवलेल्या माठाला आतून तो आवाज कसा लागला असेल, हे कधी तुमच्या मनात आलं आहे का? माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर अकरा वर्षं तेच काम करत होते.

नागपूरच्या कामठी रोडवर एक फाउंड्री आहे. नाव सांगत नाही. तिथं लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात आणि ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे धरून ठेवणारे ब्रॅकेट बनवतात. एकेक पीस नऊ किलोचा. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. पण ओतताना कधी वाळूत ओल राहते, कधी हवा अडकते, आणि लोखंडाच्या पोटात फुगा राहून जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. कानांना कळतो.

पीस तारेनं हुकाला टांगायचा आणि छोट्या हातोडीनं तीन ठोके मारायचे. वर एक, मध्ये एक, खाली एक. चांगला पीस टण्ण करतो आणि बराच वेळ गुणगुणत राहतो. आत पोकळ असेल तर ठप्प करून गप्प होतो. मी दहावी शिकलेली बाई. मला यामागचं शास्त्र येत नाही, पण कान होता. हे काम मला रुपरावकाकांनी शिकवलं. ते माझ्या आधी तीस वर्षं त्याच स्टुलावर बसत होते.

त्यांचा नियम सोपा होता. आधी तीन ठोके. शंका आली तर पुन्हा तीन. तरी मन मानत नसेल तर पीस उलटा टांगून आणखी तीन. त्यानंतरही आवाज पटला नाही तर विचार करत बसायचं नाही, पिवळ्या खडूनं फुली मारायची. फुली मारलेला पीस त्या दिवशी कोणी हलवत नाही. तो रात्रभर आवारात पडून राहतो आणि सकाळी साडेसातच्या पहिल्या भट्टीत पुन्हा वितळायला जातो.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. पीस हातात धरून वाजवायचा नाही. हात लागला की चांगला पीसही मुका होतो.

२

मागच्या मार्चमध्ये मयुरा मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, बारीक, धरमपेठेत राहणाऱ्या. इंजिनीअरिंग कॉलेजात संशोधन करत होत्या. पिसाच्या आवाजावरून आतला फुगा कुठं आहे, केवढा आहे आणि वाळूत किती ओल होती म्हणून झाला, हे कम्प्युटरनं सांगता येईल का, असा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांना माझे ठोके हवे होते. सहाशे पीस, चौदा दिवस. मी वाजवायचं आणि चांगला की वाईट ते सांगायचं, त्यांनी आवाज टिपून घ्यायचा, आणि शेवटी सगळे पीस कापून बघायचे की माझा कान कितपत खरा.

आमचे सुपरवायझर ओमप्रकाशभाऊ सगळ्यांना सांगत सुटले की मनकर्णाबाईच्या कानाची पीएचडी होऊन राहिली. मी वरवर हसले. कान खोटा निघाला तर मला त्या स्टुलावर कोण बसू देणार?

फाउंड्रीत आवाज टिपणं शक्यच नव्हतं. साचे झटकणारी मशीन दिवसभर दणदणते, वर क्रेन फिरते. म्हणून मागच्या आवारात एक खोली बांधली. दहा बाय आठची. विटांच्या दोन-दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये दीड हात अंतर ठेवून आमचीच जळकी काळी वाळू ठासलेली. वाळू आवाज खाते. वर स्लॅब, स्लॅबवर वाळूचा जाड थर, त्यावर सिमेंटचा कोबा. दार एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं, भंगारात आलेलं, वीतभर जाड. त्याचा दांडा फक्त बाहेरून होता. आतून बटण दाबलं की बाहेर लाल दिवा लागायचा, मग ओमप्रकाशभाऊ येऊन दार उघडायचे.

आतल्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. एक टेबल, दोन स्टूल, एक हुक, पिसांचा रॅक, चार कोपऱ्यांत चार माइक. पंखा नाही, कारण पंख्याला आवाज. एका वेळी चाळीस मिनिटं आत राहायचं.

पहिल्या दिवशी तपासणी म्हणून ओमप्रकाशभाऊंनी बाहेरून भिंतीवर मोठा घण मारला. आम्ही दोघी आत कान देऊन बसलो होतो. काहीही ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा ते घामाघूम होते, वीस घाव घातले म्हणाले. मग आत डोकावून बघत म्हणाले, "चारी बाजूनं वाळू अन् मधात पोकळ. वरतून लोखंड ओतलं तर तुम्ही दोघी पीस होऊन निघसान."

मॅडम खूप हसल्या. मीही हसले.

त्या खोलीतली शांतता मला सांगता येणार नाही. नागपुरात शांतता म्हटली तरी कुठं कूलर चालू असतो, कुठं कुत्रं भुंकतं. तिथं दार लागलं की आपल्याच मानेतलं रक्त ऐकू यायचं. मॅडमनी पापण्या मिटल्या तरी मला कळायचं. पहिले तीन दिवस घरी गेल्यावर मला भांड्यांचा आवाज सहन होत नव्हता.

३

चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, मी एक पीस काढून दुसरा टांगत होते. हातोडी टेबलावर होती.

तीन ठोके आले. वर एक, मध्ये एक, खाली एक. डाव्या भिंतीकडून.

आवाज घणाचा नव्हता. छोट्या हातोडीचा होता, आणि मारणारा हात सरावाचा होता. नवा माणूस ठोका मारतो तेव्हा हातोडी टेकवून ठेवतो. सरावाचा माणूस लगेच उचलतो. हे तिन्ही ठोके उचललेले होते.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या कानांवर हेडफोन होते आणि नजर स्क्रीनवर. त्यांचा चेहरा हलला नाही. माझ्या मनात आलं, माइकला जे ऐकू येतं ते यांना दुप्पट ऐकू यायला पाहिजे. यांना आलं नाही, म्हणजे ते माझ्या कानात होतं.

सुट्टीत मी खोलीच्या डाव्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथं उरलेल्या वाळूचा कमरेएवढा ढीग भिंतीला टेकून पडला होता. वाऱ्यानं त्यावर बारीक लाटा उठल्या होत्या. कोणी उभं राहिलं असतं तर पाऊल उमटलं असतं. एकही पाऊल नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. झटकणारी मशीन असेल. पण तिची मोटर त्या दिवशी सकाळपासून उघडून ठेवली होती. मग क्रेन असेल. पण घणाचे वीस घाव जिथं पोचले नाहीत तिथं क्रेन कशी पोचेल? शेवटी मी ठरवलं की उन्हामुळं वीट फुगली असेल. नागपूरच्या उन्हात काय होत नाही.

मी कोणाला बोलले नाही. पीस वाजवणारी बाई नसलेले आवाज ऐकते म्हटलं की संपलं. सहाशे पिसांचं मॅडमचं काम आणि माझी अकरा वर्षं एकाच वेळी कचऱ्यात.

४

सातव्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी उजव्या भिंतीकडून. वर, मध्ये, खाली. मध्ये सोडलेलं अंतरही तेवढंच, श्वास घेऊन सोडण्याइतकं. ते अंतर माझ्या ओळखीचं होतं. मीही तेवढंच सोडते. त्या अंतरात आपण पिसाचं गुणगुणणं ऐकत असतो.

म्हणजे ठोका मारून कोणीतरी ऐकत होतं.

त्या संध्याकाळी मी शेअर ऑटोनं कामठीला गेले, रुपरावकाकांकडे. त्यांना आता उजव्या कानानं ऐकू येत नाही. अंगणात खाटेवर बसून ते लसूण सोलत होते. त्यांच्या सूनबाईनं चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं बोलले, मॅडमच्या कामाचं सांगितलं. काका म्हणाले, मशीन काय ऐकणार, मशीनले काय भूक लागते. मग मी हळूच विचारलं, की पहिल्या तीन ठोक्यांनंतर पुन्हा तीन कधी मारायचे?

"हे तू मले विचारून राहिली?" ते म्हणाले. "शंका आली का मारायचे."

"शंका कधी येते, काका?"

"आत काहीतरी आहे असं वाटलं का येते."

मी विचारलं, की काका, आत काय असतं हे तुम्ही कधी फोडून पाहिलं का.

त्यांनी लसणाची पाकळी ताटात टाकली आणि माझ्याकडे डावा कान केला. मी प्रश्न पुन्हा विचारला.

"काहून पाहू वं? आत काय राहीन, हवा राहीन. आपलं काम आयकायचं अन् फुली मारायचं. आतल्याचा विचार केला तर हात नाही उचलणार माणसाचा."

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, तुझा चेहरा उतरला, घरी काही आहे का? मी म्हटलं, नाही काका, ऊन लागलं.

५

तेराव्या दिवशी पाचशे साठ पीस झाले. चाळीस उरले. त्या दिवशी संध्याकाळी मी डबा आवरत होते आणि मयुरा मॅडम नेहमीसारख्या निघाल्या नाहीत. ऑफिसात लॅपटॉप उघडून बसल्या. म्हणाल्या, "ताई, जरा बसता का? एक ऐकवायचं आहे."

त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आधी माझा ठोका, पिसाचं टण्ण, मग स्टूल सरकल्याचा आवाज. मग तीन ठोके.

मी हेडफोन काढले.

त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. चौथ्या दिवशीचं हे, आणि सातव्या दिवशीचंही आहे. त्यांनी तेव्हाच ऐकलं होतं. मुद्दाम चेहरा हलू दिला नव्हता. त्यांना वाटलं होतं, आपल्या यंत्रातच काही बिघाड आहे, आणि तो कॉलेजात कळला तर सगळे आवाज बाद होतील. म्हणून त्यांनी तो तुकडा कापून बाजूला ठेवला होता. मी कानासाठी गप्प बसले होते, त्या यंत्रासाठी.

"तुम्हालाही आलं होतं ना, ताई?"

मी मान हलवली.

मग त्यांनी मला स्क्रीनवर चार रेघा दाखवल्या, चार कोपऱ्यांतल्या चार माइकांच्या. मी पीस वाजवते तेव्हा जवळच्या माइकला आवाज आधी पोचतो, लांबच्याला किंचित उशिरा. त्या तीन ठोक्यांच्या वेळी मात्र चारही रेघा एकाच क्षणी उठल्या होत्या. म्हणजे आवाज डाव्या भिंतीतून आला नव्हता आणि उजव्या भिंतीतूनही नाही. आम्हाला तसं वाटलं, एवढंच. तो सगळीकडून एकदम आला होता. याचा अर्थ त्यांना लागत नव्हता.

मला लागला. पण कसा सांगायचा? मी अकरा वर्षं बाहेर बसून ठोके मारले होते. ठोका आतून कसा लागतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी एवढंच म्हटलं, की मॅडम, उरलेले चाळीस राहू द्या.

त्या म्हणाल्या, की चाळीस सोडले तर आधीच्या पाचशे साठला कोणी विचारणार नाही, सहाशे लिहून दिले आहेत. माइक आणि यंत्र कॉलेजचं आहे, ते परवापर्यंत परत करायचं आहे. चार वर्षं झाली या कामाला. त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला. माझ्या पुतणीच्या वयाची पोर. रोज येताना माझ्यासाठी संत्र्याच्या दोन फोडी बाजूला काढून आणायची, कारण तिच्या लक्षात आलं होतं की आत माझा घसा सुकतो.

मी म्हटलं, बरं, उद्या करू. पण एक पीस मी माझा आणीन.

६

रुपरावकाकांच्या वेळेपासून आमच्याकडे एक नमुन्याचा पीस होता. निर्दोष. बाकीचे पीस त्याच्याशी ताडून बघायचे. काका त्याला सरपंच म्हणायचे. ठोका मारला की मी अकरा मोजेपर्यंत तो गुणगुणायचा. तो सरपंच मी टेबलाशेजारी आणखी एक हुक लावून त्याला टांगला. मॅडमना सांगितलं, हा ताडून बघायला. खरं कारण वेगळं होतं.

माझा विचार असा होता. दोनदा तीन ठोके झाले आहेत, आणि दोन्ही वेळा आवाज पटलेला नाही. तिसऱ्यांदा ठोके आले तर प्रत्येक ठोक्यासरशी मी सरपंचाला वाजवायचं. ऐकणाऱ्याला टण्ण ऐकू येईल. तो समजेल पीस भरीव आहे, आणि पुढचा उचलेल.

वेड्यासारखं वाटतंय ना? मला त्या वेळी ते अगदी व्यवहाराचं वाटलं होतं.

अडीच वाजता आम्ही आत गेलो. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. ओमप्रकाशभाऊंना मी बजावलं, की दिव्याकडे लक्ष ठेवा, कुठं जाऊ नका. ते म्हणाले, "कुठं जाऊन राहिलो? इथंच खुर्ची टाकतो." दांडा खाली आला. दाराच्या रबरानं फुस्स केलं.

सात पीस झाले. आठवा टांगायला मी उठले आणि मला दिसलं, टेबलावरचा पिवळा खडू घरंगळतोय. टेबल सपाट होतं. खडू कडेपर्यंत आला, कडेवरून गेला, आणि त्याचा पडल्याचा आवाज आला नाही.

मी मॅडमना हाक मारणार होते, पण त्या सरपंचाकडे बघत होत्या.

तो हुकाला सरळ टांगलेला होता. आता त्याची तार तिरपी होत होती. झोका नव्हता. हळूहळू, जसं कोणी मोठी वस्तू दोन हातांत धरून सांभाळून वळवतं, तशी ती तार तिरपी झाली, मग आडवी झाली. नऊ किलोचं लोखंड भिंतीकडे ताणलं गेलं होतं. आम्ही मात्र जिथल्या तिथं होतो. पायाखाली फरशी होती. फक्त माझ्या पोटात जत्रेतल्या पाळण्यासारखा खड्डा पडला. तार आडवीची वर व्हायला लागली.

मॅडमनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग बोट दाबूनच धरलं. दार उघडलं नाही.

"ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आपण उलटे होतोय का?"

तार छताकडे ताठ उभी राहिली आणि सरपंच हुकातून निसटला. तो छताकडे गेला असता. मी झेप घेऊन त्याला धरलं आणि छातीशी कवटाळलं.

पहिला ठोका आला, पायांखालून.

मी हातोडी उचलली आणि सरपंचावर मारली.

ठप्प.

मला समजेचना. सरपंच कधी असा वाजला नव्हता. दुसरा ठोका आला, मध्ये, सगळीकडून. मी पुन्हा मारलं, जोरात. ठप्प. मॅडम माझ्या हातांकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांना माझ्या आधी कळलं. पहिल्या दिवशी मीच त्यांना शिकवलं होतं. पीस हातात धरून वाजवायचा नाही.

तिसरा ठोका आला. मी सरपंचाला सोडायला पाहिजे होतं. हात सुटले नाहीत.

ठप्प.

मग ऐकण्याची शांतता. मी अकरापर्यंत मोजलं. मॅडमनी माझा पदर मुठीत धरला होता.

आणि वरून आवाज आला. खरखरीत, लांबच लांब. एका कोपऱ्यावरून सुरू झाला आणि आमच्या डोक्यांवरून जात समोरच्या कोपऱ्यात थांबला. थोडं थांबून दुसरा, आडव्या दिशेनं.

तो आवाज मी अकरा वर्षं रोज केला आहे. मला तो कोणी ओळखून सांगायची गरज नव्हती.

७

दार उघडलं तेव्हा ओमप्रकाशभाऊ हातात चहाचा कप घेऊन उभे होते. "काय झालं जी? आत्ताच तर गेल्या. चार मिनिटं नाही झाले."

आत सगळं सरळ होतं. हुक, तार, रॅक. खडू तेवढा सापडला नाही.

मॅडम बाहेर येऊन पायरीवर बसल्या. पाणी प्यायल्या. थोड्या वेळानं त्या हसल्यासुद्धा, म्हणाल्या की गरमीनं चक्कर आली असेल दोघींना, आत हवा कुठं आहे. चाळीस पीस गेले खड्ड्यात, त्या म्हणाल्या, मी कॉलेजात खरं ते सांगते. मला इतकं बरं वाटलं. त्या स्कूटरवर बसून गेल्या तेव्हा मी गेटपर्यंत सोडायला गेले. माइक आणि यंत्र आतच राहिलं होतं. आत जायची तेव्हा दोघींचीही तयारी नव्हती.

पाच वाजता मी भट्टीच्या चबुतऱ्यावर चढले. तिथून भंगार भट्टीत टाकतात, आणि तिथून मागचं आवार वरून दिसतं. मी तिथं का गेले हे मला ठाऊक होतं.

खोलीचं छत उन्हात स्वच्छ दिसत होतं. कोब्यावर फुली होती, पिवळी. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि दुसरी रेघ तिला छेदून. रेघेची रुंदी हातभर असेल. छतावर चढायला शिडी नव्हती.

मी ओमप्रकाशभाऊंना वर बोलावलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, गवंड्यानं माप घ्यायला मारली असन. मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, की आज काय झालं आत, खरं सांगा, कानाचा काही त्रास आहे का? मी म्हटलं, नाही.

घरी गेल्यावर मी मॅडमना फोन केला. ओट्यापाशी उभी होते, कुकरची शिटी व्हायची होती. त्या म्हणाल्या की सकाळी लवकर येऊन सामान घेऊन जाते, नऊला कॉलेजात द्यायचं आहे.

मी म्हटलं, "आठच्या आत येऊ नका, मॅडम."

"का हो ताई?"

फुलीचं सांगायचं होतं. फुली मारलेला पीस सकाळी पहिल्या भट्टीला जातो, एवढं एक वाक्य होतं. ते तोंडापर्यंत आलं. पण दुपारपासून त्या हसायला लागल्या होत्या, आणि ओमप्रकाशभाऊंनी कानाचं विचारलं होतं. मी म्हटलं, "सकाळी दार उघडाले कोणी नसते."

"अच्छा, बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवलात का?"

मी हो म्हटलं. तेही खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पोचले. मयुरा मॅडमची स्कूटर गेटजवळ उभी होती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, आणि डिकीच्या हुकाला संत्र्यांची पिशवी होती. चौकीदार म्हणाला, "मॅडम सव्वासातला आल्या, दार उघडायला कोणी नसतं म्हणून त्यांनी रात्रीच मला फोन करून ठेवला होता, मी दार उघडून दिलं आणि साडेसातचा भोंगा झाला म्हणून गेटवर आलो." मी मागच्या आवारात गेले. जिथं खोली होती तिथं जमीन सपाट होती, आणि हात लावला तर गरम लागत होती.